यी 2 मध्ये स्वच्छ यूआरएल: इंडेक्स.पीएचपी घालवायचे आहे, पण आतली पाने सापडत नाहीत

हौशी ग्रंथपाल (धागाकर्ता) | शनिवार, सकाळी 9.12

नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथसूची मी गेली दोन वर्षे फावल्या वेळात संगणकावर आणतो आहे. ती यी 2 या पीएचपी फ्रेमवर्कवर चालते आणि प्रत्येक पुस्तकाचा पत्ता ‘/इंडेक्स.पीएचपी?आर=बुक/व्ह्यू&आयडी=1523’ अशा स्वरूपाचा आहे. (रोमन पत्ते उच्चाराप्रमाणे लिहितो आहे आणि कोड शब्दांत सांगतो आहे, कारण मागच्या धाग्यात इथल्या संपादकाने टोकदार कंसांतला सगळा मजकूर गिळला होता आणि उत्तर देणाऱ्यांनी मलाच वेड्यात काढले होते.)

हे पत्ते ‘/बुक/1523/पुस्तकाचे-नाव’ असे सुटसुटीत व्हावेत म्हणून कॉन्फिगमधील यूआरएल मॅनेजरमध्ये ‘एनेबल प्रिटी यूआरएल’ चालू केले, ‘शो स्क्रिप्ट नेम’ बंद केले आणि एक नियमही लिहिला. लॅपटॉपवर सारे उत्तम चालते. होस्टिंगवर चढवल्यावर मात्र मुखपृष्ठ तेवढे उघडते. आतल्या प्रत्येक पानावर ‘नॉट फाउंड’ येते.

दुसरा प्रश्न असा की पत्त्यातले पुस्तकाचे नाव, म्हणजे स्लग, रोमन लिपीत असावे की देवनागरीत? कार्यकारिणीत यावर दोन तट पडले आहेत.

कदाचित फारसे महत्त्वाचे नसेल, पण सांगून ठेवतो: सुमारे 1,500 पुस्तकांच्या आतल्या पानावर आम्ही क्यूआर कोडच्या चिकट्या लावल्या असून त्यांत जुना पत्ता आहे.

खटपट्या | शनिवार, सकाळी 9.40

‘नॉट फाउंड’ कोणाचे आहे, हे आधी पाहा. पांढऱ्या पानावर इंग्रजीत दोन ओळी आणि खाली कदाचित अपाची या वेब सर्व्हरचे नाव, असे दिसत असेल तर विनंती तुमच्या ॲप्लिकेशनपर्यंत पोहोचलेलीच नाही, आणि अशा वेळी यीच्या कॉन्फिगमध्ये कितीही डोके घातले तरी काही हाती लागणार नाही. उलट वाचनालयाचे शीर्षक, मेन्यू आणि तुमच्या मांडणीतले चुकीचे पान दिसत असेल तर सर्व्हरने आपले काम केले आहे आणि दोष रूटिंगच्या, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या पानाकडे न्यायचा याच्या, नियमांत आहे. लोक हा फरक न पाहता आठवडाभर चुकीच्या खोलीत किल्ली शोधत बसतात.

हौशी ग्रंथपाल | शनिवार, सकाळी 10.05

पांढरे पान आहे, आणि खाली अपाचीचे नाव आहे.

खटपट्या | शनिवार, सकाळी 10.22

मग गोष्ट सोपी आहे. सर्व्हरकडे ‘/बुक/1523’ अशी मागणी आली की तो ‘बुक’ नावाचे फोल्डर शोधतो, ते नसते आणि तो हात वर करतो. त्याला सांगावे लागते की मागितलेल्या नावाची खरी फाइल किंवा खरे फोल्डर असेल तर ते द्यावे, नाहीतर सगळे मुकाट्याने इंडेक्स.पीएचपीकडे पाठवावे. अपाचीत हे काम मॉड-रीराइट करते: रीराइट इंजिन चालू, मग ‘फाइल नसेल तर’ आणि ‘फोल्डर नसेल तर’ अशा दोन अटी, आणि त्यांखाली ‘काहीही असो, इंडेक्स.पीएचपी’ असा एक नियम. या चार ओळी ‘वेब’ फोल्डरमधील डॉट-एचटीॲक्सेस फाइलमध्ये घाला.

लॅपटॉपवर तुम्ही ‘यी सर्व्ह’ आज्ञा वापरत असाल, असा माझा अंदाज आहे. पीएचपीचा अंगभूत सर्व्हर फाइल सापडली नाही की आपण होऊन इंडेक्स.पीएचपीकडे वळतो, त्यामुळे तिथे ही उणीव कधी जाणवतच नाही.

हौशी ग्रंथपाल | शनिवार, सकाळी 11.50

अंदाज अगदी बरोबर आहे, मी ‘यी सर्व्ह’च वापरतो. आपण सांगितल्याप्रमाणे फाइल केली आणि चढवली, परंतु काहीही फरक पडला नाही.

निशिगंधा | शनिवार, दुपारी 12.10

फाइल नोटपॅडमध्ये केली का? नोटपॅड शेवटी गुपचूप ‘डॉट-टीएक्सटी’ जोडतो आणि विंडोज ते शेपूट आपल्याला दाखवत नाही. शिवाय होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या फाइल सहसा लपवलेल्या असतात. सेटिंग्जमध्ये ‘लपवलेल्या फाइल दाखवा’ निवडल्याशिवाय ती तिथे आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. मी या दोन्ही गोष्टींवर एक अख्खा रविवार घालवला आहे.

जुना खिळा | शनिवार, दुपारी 12.35

निशिगंधाताईंनी सांगितलेले तपासून झाल्यावरही अडले, तर ‘अलाउ-ओव्हरराइड’ पाहावे लागेल. अपाचीच्या 2.3.9 आवृत्तीपासून त्याचे मूळ मूल्य ‘नन’ आहे, म्हणजे कोणी मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय सर्व्हर डॉट-एचटीॲक्सेस उघडूनही पाहत नाही. त्यापूर्वी ते ‘ऑल’ होते, म्हणून जुन्या लेखांत या पायरीचा उल्लेख सापडत नाही आणि नवीन माणूस गोंधळतो. सामायिक होस्टिंगवर ही परवानगी बहुधा दिलेली असते. स्वतःच्या उबुंटू सर्व्हरवर मात्र ती द्यावी लागते आणि रीराइट मॉड्यूलही स्वतः सुरू करावे लागते.

फाइल वाचली जाते की नाही याची खात्री करण्याचा माझा जुना उपाय असा की तिच्या पहिल्या ओळीत काहीतरी अर्थहीन खरडायचे. ‘इंटर्नल सर्व्हर एरर’ आली तर आनंद मानावा, कारण फाइल वाचली जाते आहे. काहीच झाले नाही तर ती वाचलीच जात नाही.

हौशी ग्रंथपाल | शनिवार, दुपारी 1.15

डॉट-टीएक्सटीच होते! शेपूट काढले आणि आतली पाने उघडू लागली. निशिगंधाताई, आपल्या त्या रविवारचे पुण्य माझ्या पदरात पडले.

पाऊसपाणी | शनिवार, दुपारी 1.40

ज्यांच्याकडे अपाचीऐवजी एनजिन-एक्स हा सर्व्हर आहे त्यांनी हा सगळा भाग सोडून द्यावा, कारण एनजिन-एक्स डॉट-एचटीॲक्सेसकडे ढुंकूनही पाहत नाही. तिथे सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ‘ट्राय-फाइल्स’ ही एकच ओळ लागते: आधी तीच फाइल, मग तेच फोल्डर, आणि शेवटी इंडेक्स.पीएचपी, तेही प्रश्नचिन्हापुढचा भाग सोबत जोडून. तो भाग जोडायला विसरलात तर पाने उघडतील, पण शोधाच्या फॉर्ममधून येणारे शब्द वाटेत हरवतील.

तिरपा कंस | शनिवार, दुपारी 2.05

एक सावधगिरीची सूचना. होस्टिंगवर डोमेनचे मूळ फोल्डर यीच्या ‘वेब’ फोल्डरवर रोखलेले असायला हवे, संपूर्ण प्रकल्पावर नव्हे. पुष्कळ जण अख्खा प्रकल्प पब्लिक-एचटीएमएलमध्ये टाकतात आणि पत्त्यातले ‘वेब’ लपवण्यासाठी वर आणखी एक रीराइट लिहितात. पत्ता स्वच्छ दिसतो खरा, परंतु ‘रनटाइम’मधील लॉग आणि चुकून चढलेले गिटचे (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाचे) फोल्डर जगाला खुले राहते, कारण ‘फाइल असेल तर ती द्या’ हाच तर आपला नियम आहे.

अर्धविराम | शनिवार, दुपारी 3.30

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. माझे मत स्पष्ट आहे: मराठी ग्रंथसूचीतील स्लग देवनागरीतच असावी. मराठी विकिपीडियाचे पत्ते वर्षानुवर्षे देवनागरीत आहेत आणि त्यामुळे कोणाचे काही अडलेले नाही. तंत्र परवानगी देत असताना आपण आपल्याच पुस्तकांची नावे मोडक्या रोमनमध्ये का लिहावीत?

टोरांटोकर | शनिवार, सायंकाळी 5.45

भावनेशी सहमत, व्यवहाराशी नाही. ॲड्रेस बारमध्ये ‘मराठी’ दिसते, पण तारेवरून जाताना तसे जात नाही. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि यूआरएलमध्ये प्रत्येक बाइट ‘टक्का आणि दोन अक्षरे’ असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरे. ‘मराठी’ हा शब्द म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच चिन्हांचा आहे, म्हणजे त्याची 45 अक्षरे होतात. असा दुवा कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की बहुधा ‘टक्का-ई0 टक्का-ए4’ यांची लांबलचक माळ दिसते आणि घरची मंडळी हा व्हायरस आहे का, असे विचारतात.

वर्डप्रेसवर मराठी ब्लॉग लिहिणाऱ्यांना याचा आणखी एक फटका माहीत असेल. तिथे स्लग याच टक्केवारीच्या रूपात साठवली जाते आणि तिला 200 अक्षरांची मर्यादा आहे. 200 भागिले 9 केले की जेमतेम 22 चिन्हे हाती राहतात. लांब शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटलेला दिसतो त्याचे कारण हेच.

अर्धविराम | शनिवार, सायंकाळी 6.20

ती मर्यादा वर्डप्रेसची झाली, देवनागरीची नव्हे. धागाकर्ते स्वतःच्या तक्त्यात रकाना हवा तेवढा मोठा ठेवू शकतात आणि स्लग थेट देवनागरीत साठवू शकतात. आणि ‘डॉट भारत’ डोमेनही देवनागरीत मिळते, तेव्हा संपूर्ण पत्ताच मराठीत करता येईल.

पाऊसपाणी | शनिवार, सायंकाळी 6.50

येथे दोन वेगळ्या यंत्रणा एकत्र होत आहेत, म्हणून थोडे स्पष्ट करतो. डोमेनचे नाव देवनागरीत लिहिले की ते प्युनीकोड या पद्धतीने साध्या रोमन अक्षरांत बदलते, तर डोमेनच्या पुढचा मार्ग टोरांटोकरांनी सांगितलेल्या टक्का पद्धतीने बदलतो. एक चालले म्हणून दुसरे आपोआप चालेल असे नसते. रूटिंगचा संबंध फक्त दुसऱ्याशी आहे. सुदैवाने यी मार्गाचा भाग आधी उलगडून घेते आणि मग नियमांशी ताडते, त्यामुळे नियमांपर्यंत खरी देवनागरी पोहोचते.

निशिगंधा | शनिवार, रात्री 8.15

पोहोचते, पण नियमात टिकली पाहिजे! बहुतेक उदाहरणांत स्लगसाठी ‘बॅकस्लॅश-डब्ल्यू आणि आडवी रेघ’ असा नमुना दिलेला असतो. त्यात युनिकोडची अक्षरे आणि आकडे बसतात, परंतु काना आणि दीर्घ वेलांटी ही युनिकोडच्या लेखी ‘अक्षरे’ नसून ‘चिन्हे’ आहेत, आणि ती त्या नमुन्यात बसत नाहीत. म्हणजे ‘घर’ नावाचे पुस्तक उघडते आणि ‘घरटी’ नावाचे उघडत नाही. हा दोष मी तीन दिवस शोधत होते, कारण चाचणीसाठी घेतलेली माझी दोन्ही नावे दुर्दैवाने बिनमात्रांची होती.

उपाय दोन आहेत. स्लगला नमुनाच देऊ नये. मग यी ‘तिरकी रेघ सोडून काहीही’ असे मानते. किंवा अक्षरांच्या वर्गासोबत चिन्हांचा वर्गही नमुन्यात लिहावा.

जँगो हे पायथनचे फ्रेमवर्क वापरणाऱ्यांचा अनुभव याहून कडू आहे. तिथे ‘स्लगिफाय’ला युनिकोडची परवानगी दिली तरी ते याच कारणाने मात्रा गाळून टाकते आणि ‘मराठी’चे ‘मरठ’ होते.

खटपट्या | शनिवार, रात्री 8.30

‘मरठ’! देवनागरीच्या बाजूने बोलणाऱ्या अर्धविरामांची प्रतिक्रिया ऐकण्यास उत्सुक आहे.

अर्धविराम | शनिवार, रात्री 8.41

प्रतिक्रिया अशी की दोष भाषेचा नाही, ‘अक्षर म्हणजे काय’ हे ठरवताना आपली लिपी डोळ्यांसमोर न ठेवणाऱ्यांचा आहे. मी माझ्या मतावर ठाम आहे.

जुना खिळा | शनिवार, रात्री 9.25

ठाम राहा, पण आणखी एक खड्डा पाहून ठेवा. ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारांनी लिहिला जातो. काही कळफलक त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, वापरतात. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, परंतु डेटाबेसला ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. आणि स्लग करताना तो अदृश्य जोडक गाळला, तर ‘ऱ्या’चा रफार होतो. नुसत्या नावावर पुस्तक शोधणारा पत्ता अशा ठिकाणी हमखास दगा देतो.

टोरांटोकर | शनिवार, रात्री 10.10

म्हणूनच म्हणतो, रोमन करा. यीच्या ‘इन्फ्लेक्टर’मध्ये स्लग करण्याची सोय तयार आहे आणि ‘स्लगेबल बिहेवियर’ जोडले की ती जतन करतानाच तयार होते.

निशिगंधा | शनिवार, रात्री 10.40

रोमनचेही सगळे सरळ नाही. ते लिप्यंतर पीएचपीच्या ‘इंटल’ एक्स्टेन्शनवर अवलंबून आहे. लॅपटॉपवर ते असते आणि होस्टिंगवर नसते, असे झाले तर यी आपल्या पर्यायी तक्त्याकडे वळते. त्यात देवनागरी नाही, त्यामुळे संपूर्ण नाव गळून स्लग रिकामी उरते. म्हणून आधी होस्टिंगच्या पॅनेलवर इंटल चालू आहे का, ते पाहावे.

इंटल असले तरी ते शब्दाचा उच्चार जाणत नाही. ‘जळगाव’च्या शेवटी ते अकाराचा ‘ए’ लावते, म्हणजे वाचणारा ‘जलगावा’ वाचतो. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ‘ट’ आणि ‘त’ यांतला फरक खालची टिंबे काढताच मिटतो. ‘बाळ’ आणि ‘बाल’ यांची स्लग एकच, ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांचीही एकच.

शून्यापासून | रविवार, सकाळी 7.50

मी आतापर्यंत नुसता वाचत होतो. देवनागरी वाईट आणि रोमनही वाईट, तर मग ठेवायचे काय?

जुना खिळा | रविवार, सकाळी 8.30

आकडा. पुस्तक ओळखण्याचे काम आकड्याने करावे आणि स्लग केवळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी असावी. मायबोली किंवा मिसळपावचे पत्ते पाहा: ‘नोड’ आणि पुढे आकडा. दिसायला रुक्ष आहेत, पण लेखकाने शीर्षक दहा वेळा बदलले तरी दुवा मोडत नाही.

धागाकर्त्यांच्या नियमात आयडी आधीच आहे, ही चांगली गोष्ट आहे. त्यांनी एवढेच करावे: कंट्रोलरमध्ये (विनंती हाताळणाऱ्या कोडमध्ये) आयडीवरून पुस्तक काढावे, पत्त्यात आलेली स्लग पुस्तकाच्या स्लगशी ताडून पाहावी आणि जुळली नाही तर योग्य पत्त्याकडे कायमचे, म्हणजे 301 चे, रीडायरेक्ट द्यावे. असे केल्यावर स्लग देवनागरी की रोमन हा आवडीनिवडीचा प्रश्न उरतो आणि कार्यकारिणीला त्यावर निवांत भांडता येते.

अर्धविराम | रविवार, सकाळी 8.55

हे मान्य. आकडा ओझे वाहील आणि मराठी मिरवेल.

खटपट्या | रविवार, सकाळी 9.20

जुन्या खिळ्यांच्या सांगण्यात एक तांत्रिक भर घालतो. नियमात आयडी आणि स्लग दोन्ही असतील आणि दुवा तयार करताना तुम्ही फक्त आयडी दिला, तर यी तो नियम वापरणारच नाही. ते पुढच्या नियमाकडे जाईल आणि शेवटी ‘/बुक/व्ह्यू?आयडी=1523’ असा अर्धवट स्वच्छ पत्ता देईल. त्यामुळे फक्त आयडीचा दुसरा नियमही खाली लिहा. नियम वरून खाली तपासले जातात आणि जुळणारा पहिला नियम चालतो, म्हणून विशिष्ट नियम वर आणि ढोबळ नियम खाली ठेवावेत. आणि आयडीला ‘फक्त अंक’ असा नमुना द्यायला विसरू नका, नाहीतर ‘/बुक/सर्च’मधले ‘सर्च’ हाच आयडी समजला जाईल.

हौशी ग्रंथपाल | रविवार, सकाळी 11.30

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. वरीलप्रमाणे बदल केले आणि नवीन पत्ते उत्तम चालू लागले. परंतु आज वाचनालयात जाऊन एका पुस्तकाची चिकटी स्कॅन केली, तर पुस्तकाऐवजी मुखपृष्ठ उघडले. दुसरी केली, तिसरी केली, प्रत्येक वेळी मुखपृष्ठच. एरर काहीच नाही.

खटपट्या | रविवार, सकाळी 11.48

पहिल्या पोस्टमध्ये ‘कदाचित फारसे महत्त्वाचे नसेल’ म्हणून जे सांगितले होते, ते हेच.

पाऊसपाणी | रविवार, दुपारी 12.15

कारण असे आहे: प्रिटी यूआरएल चालू केल्यावर यी रूट शोधताना ‘आर’ या पॅरामीटरकडे पाहतच नाही, फक्त मार्ग पाहते. ‘/इंडेक्स.पीएचपी?आर=…’ यात इंडेक्स.पीएचपीच्या पुढचा मार्ग रिकामा आहे, आणि रिकामा मार्ग म्हणजे मुखपृष्ठ. 404, म्हणजे ‘नॉट फाउंड’, आला असता तर निदान कळले असते. येथे 200 चे यशस्वी उत्तर देऊन चुकीचे पान मिळते, आणि गुगललाही तसेच वाटते की सगळ्या पुस्तकांची पाने एकसारखी आहेत.

डॉट-एचटीॲक्सेसमध्ये इंडेक्स.पीएचपीच्या नियमाच्या वर जुन्या पत्त्यांसाठी रीडायरेक्ट लिहा. रीराइट-रूलला प्रश्नचिन्हापुढचा भाग दिसत नाही, म्हणून तो रीराइट-कंडमध्ये, म्हणजे अटीच्या ओळीत, ‘क्वेरी स्ट्रिंग’ या नावाने तपासावा लागतो. नव्या पत्त्याला जुनी शेपटी चिकटू नये म्हणून क्यूएसडी हा फ्लॅग लावा. तो अपाची 2.4 पासून आहे. एक बारकावा: यी स्वतः जुने दुवे तयार करताना ‘बुक’ आणि ‘व्ह्यू’ यांमधली तिरकी रेघ ‘टक्का-2-एफ’ अशी लिहीत असे, आणि अपाची क्वेरी स्ट्रिंग उलगडत नाही. तुमच्या चिकट्यांत बहुधा तेच रूप असेल, म्हणून नमुन्यात दोन्ही रूपे घ्या.

हौशी ग्रंथपाल | रविवार, दुपारी 2.40

तसे केले. आता पुस्तकाच्या आकड्याच्या जागी पत्त्यात त्या तिरक्या रेघेचेच रूप येते आहे.

पाऊसपाणी | रविवार, दुपारी 2.52

दोन पर्यायांसाठी तुम्ही कंस घातला असेल. तो पहिला गट झाला आणि आयडी दुसरा. कंडमधील गट टक्का-1, टक्का-2 असे मोजले जातात. तुम्हाला टक्का-2 हवा आहे.

जुना खिळा | रविवार, दुपारी 3.20

मी मात्र हे काम सर्व्हरच्या फाइलमध्ये ठेवणार नाही. उद्या होस्टिंग बदलले आणि तिथे एनजिन-एक्स असला, तर ही ओळ कोणाच्याही ध्यानात न येता मागे राहील आणि 1,500 चिकट्या पुन्हा मुखपृष्ठ दाखवू लागतील. ॲप्लिकेशनच्या ‘बिफोर रिक्वेस्ट’ टप्प्यावर सात-आठ ओळी लिहाव्यात: पत्त्यात ‘आर’ आहे, त्याचे मूल्य ‘बुक/व्ह्यू’ आहे आणि आयडी आकडी आहे, तर नव्या पत्त्यावर पाठवावे. पीएचपीला पॅरामीटर उलगडूनच मिळतात, त्यामुळे टक्का-2-एफची कटकटही उरत नाही. आणि हा कोड प्रकल्पासोबत गिटमध्ये राहतो.

चाचणी करताना 302, म्हणजे तात्पुरते रीडायरेक्ट, वापरा आणि खात्री पटल्यावरच 301 करा. 301 ब्राउझर लक्षात ठेवतो. चुकीचा दिला तर तुम्ही दुरुस्त केल्यावरही तुमचा फोन चुकीच्याच पानावर नेत राहतो.

तिरपा कंस | रविवार, सायंकाळी 4.10

‘एनेबल स्ट्रिक्ट पार्सिंग’ही चालू करा, म्हणजे नियमात नसलेले ‘/बुक/व्ह्यू?आयडी=1523’ सारखे मागच्या दाराचे पत्ते बंद होतील. मात्र त्यानंतर रिकाम्या मार्गासाठीही नियम लिहावा लागतो, नाहीतर पहिला बळी मुखपृष्ठाचा जातो.

निशिगंधा | रविवार, सायंकाळी 5.30

मुदत संपल्याच्या ईमेल क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामातून, पाठवत असाल तर तिथलेही पाहा. कन्सोलमध्ये ब्राउझर नसतो, त्यामुळे यीला डोमेनचे नाव माहीत नसते. कन्सोलच्या कॉन्फिगमध्ये यूआरएल मॅनेजरला ‘होस्ट इन्फो’ आणि ‘बेस यूआरएल’ द्यावे लागतात आणि नियमही तेच द्यावे लागतात. नियमांची एक स्वतंत्र फाइल करून दोन्ही कॉन्फिगमध्ये जोडणे उत्तम.

कपाट सात | रविवार, रात्री 9.05

मी निवृत्त ग्रंथपाल आहे आणि यातले निम्मे मला कळलेले नाही, पण एक विचारतो. चिकटी एका विशिष्ट प्रतीवर लावलेली आहे आणि तुमचा आयडी पुस्तकाचा आहे, असे मला वाटते. एकाच पुस्तकाच्या चार प्रती असतील तर चारही चिकट्या सारख्याच निघतील. आमच्याकडे यासाठी दाखल क्रमांक असतो. तो प्रतीचा असतो, दाखल नोंदवहीत एकदाच लिहिला जातो आणि प्रत फाटून रद्द झाली तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीही देत नाहीत.

जुना खिळा | रविवार, रात्री 9.30

काका, या धाग्यातील सर्वांत चांगला प्रतिसाद आपला आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 मध्ये लिहिले होते की पत्ते बदलू नयेत आणि फाइलचे एक्स्टेन्शनही पत्त्यात नसावे. आपल्या नोंदवह्या त्याच्या कितीतरी आधीपासून तेच पाळत आहेत. नव्या चिकट्यांसाठी ‘/डी/दाखल-क्रमांक’ असा छोटा नियम करावा आणि तिथून पुस्तकाच्या पानावर पाठवावे.

टोरांटोकर | रविवार, रात्री 10.15

आणि चिकटीवर स्लग छापू नका. मजकूर जितका लांब तितके क्यूआर कोडमधले चौकोन बारीक होतात, आणि नऊपट फुगलेले मराठी नाव त्यात घातले तर जुना फोन तो वाचायला नकार देईल. क्यूआरची एक खास पद्धत फक्त मोठी रोमन अक्षरे, आकडे आणि मोजकी विरामचिन्हे घेते आणि त्यामुळे कोड लहान होतो. डोमेनमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसतो, मार्गात असतो. म्हणून नियमातला ‘डी’ मोठ्या लिपीतलाच लिहा.

हौशी ग्रंथपाल | बुधवार, रात्री 9.40

उशिरा कळवतो आहे, क्षमस्व. जुन्या चिकट्यांसाठीचे रीडायरेक्ट ॲप्लिकेशनमध्येच लिहिले. दोन दिवस 302 ठेवून काल 301 केले. आज सर्वांत जुन्या कपाटातील वीस चिकट्या स्कॅन केल्या. एकोणीस योग्य पुस्तकावर गेल्या. विसाव्या चिकटीवर कोणीतरी चहा सांडला होता. नव्या चिकट्या काकांच्या सूचनेप्रमाणे दाखल क्रमांकाच्या असतील. स्लग देवनागरीत ठेवली असून तिचा नमुना निशिगंधाताईंनी सांगितला तसा आहे.

आज कार्यवाहांना सगळे दाखवले. त्यांनी पत्ता नीट पाहिला आणि विचारले की ‘बुक’ऐवजी ‘ग्रंथ’ का नाही.

खटपट्या | बुधवार, रात्री 9.55

नियमाचा नमुना आणि कंट्रोलरचे नाव वेगवेगळे असते, त्यामुळे डावीकडे ‘ग्रंथ’ लिहा आणि उजवीकडे ‘बुक/व्ह्यू’ तसेच राहू द्या. सगळे दुवे यीच्या फंक्शनने तयार केलेले असतील तर ते आपोआप बदलतील. जुना ‘बुक’चा नियम काढू नका, त्याचा ‘मोड’ ‘पार्सिंग ओन्ली’ करा, म्हणजे तो आलेला पत्ता ओळखेल, पण नवा दुवा तयार करताना वापरला जाणार नाही.

कपाट सात | गुरुवार, सकाळी 6.50

आणि कार्यवाहांना सांगा की यानंतरचा बदल पुढच्या कार्यकारिणीच्या काळात.